'देवावर सोड' म्हणतात, पण नेमकं सोडायचं काय?

भाऊ, तुझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठा असेन म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नको. तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे दुसरं कोणी वाचलं तरी त्याला कळेल. तू जळगावला एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात आहेस, पगार १६ हजार, ओव्हरटाइम तीन महिन्यांपासून बंद, गावाकडे एरंडोलजवळ दीड एकर कोरडवाहू आणि त्यात कपाशी. रात्री तीनला जाग येते आणि डोक्यात हिशोब सुरू होतो तो उजाडेपर्यंत. आई म्हणते पांडुरंगावर सोड. शालक म्हणतो ज्याने चोच दिली तो चारा देईल, आणि तो स्वतः दीड वर्षापासून काम सोडून मंदिरात बसलाय, जेवायला मात्र तुझ्याकडे येतो. तुझं विचारणं एवढंच की मला चिंता वाटते म्हणजे माझी भक्ती कच्ची आहे का, आणि देवावर सोडायचं म्हणजे हातातलं नेमकं काय सोडायचं.

मी पंचवीस-सव्वीस वर्षं कीर्तन करतोय आणि कीर्तनावर पोट नाही माझं, चोपडा तालुक्यात तापीच्या अंगाला साडेचार एकर आहे, केळी आणि कपाशी. मुक्ताईच्या पालखीसोबत नऊ वेळा पंढरपूरला चालत गेलोय. हे सांगतोय ते मोठेपणासाठी नाही, पुढे जे सांगणार आहे ते पोथीतलं किती आणि अंगावर आलेलं किती ते तुला कळावं म्हणून.

शालकाचं आधी उरकून टाकतो. चोच आणि चाऱ्याचं वाक्य खोटं नाही, पण ते म्हणणाऱ्याने एकदा नांगरटीच्या दिवसात शेतात येऊन बघावं. ट्रॅक्टर सुरू झाला की पाच मिनिटांत मागे बगळ्यांची रांग लागते, कुठून येतात देव जाणे. मातीतले किडे त्यांनी पेरले नाहीत, ट्रॅक्टर त्यांचा नाही, डिझेल त्यांचं नाही, सगळं आयतं. पण बगळा झाडावर बसून 'आ' करत नाही, तो फाळाच्या मागे मागे दिवसभर चालतो. आमच्या आजीचं एक पेटंट वाक्य होतं, 'देव देस रे भाऊ, पन घागर उपडी ठेवू नको'. शालकाची घागर उपडी आहे आणि तो पावसाला नावं ठेवत नाही एवढाच त्याचा विश्वास. दे रे हरी खाटल्यावरी म्हणतात ते हेच. त्याला हाकलून देऊ नको, पण ताटावर बसताना शांतपणे विचार, उद्यापासून दोन तास कुठे हमाली करशील का माझ्यासोबत. बघ काय म्हणतो.

आता तुझं. चिंता वाटते म्हणजे भक्ती कच्ची, हे तुला कोणी सांगितलं? हे सांगणारे बहुतेक वेळा ज्यांचा हप्ता थकलेला नसतो असे लोक असतात. चिंता आणि चितामध्ये एका अनुस्वाराचा फरक, हा जोक मी पण नारदाच्या गादीवरून पन्नास वेळा मारलाय, लोक हसतात, टाळ्या देतात, पण रात्री तीन वाजता त्याचा काडीचा उपयोग होत नाही हे मी स्वतः अनुभवलंय.

तुकोबांचं बघ. इ.स. १६३० च्या सुमाराला दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला, माणसं अन्नावाचून गेली. तुकोबांचं घर महाजनकीचं, दुकान होतं, सावकारी होती, ते सगळं बसलं आणि पहिली बायको आणि लेक त्या दुष्काळात गेले. त्या माणसाने पुढे विठोबावर भार टाकला. म्हणजे ज्याने घरात भूक बघितली, देणेकरी बघितले, दुकानाचं दिवाळं बघितलं तो बोलतोय. आणि अजून एक, कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवली हे सगळे सांगतात, पण बुडवली ती स्वतःच्या वाट्याची. धाकट्या भावाचा अर्धा वाटा आधी त्याच्या हातात दिला. विश्वास माझा आणि तोटा भावाचा, असं त्यांनी केलं नाही. ही बारीक गोष्ट कीर्तनात लवकर कोणी सांगत नाही, मीही बरीच वर्षं सांगत नव्हतो.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो, थोडी लांब आहे.

पाच-सहा वर्षं झाली. मृगबाग होती माझी, म्हणजे जूनमध्ये लावलेली केळी, ती पुढच्या मे-जूनला कापणीवर येते आणि आमच्याकडे वावधन, म्हणजे वादळी वारा, उठतं तेही नेमकं त्याच दिवसांत. तीन हजार खोडं, घड भरलेले, व्यापारी बाग बघून गेलेला, आठ-दहा दिवसांत कापणी. संध्याकाळी साडेपाचला वारा सुटला, वीस मिनिटं, बस. सकाळी गेलो तर बाग आडवी, तू ज्या चटया करतोस ना तशी अंथरलेली. केळीचं खोड म्हणजे काही लाकूड नाही, नुसतं पाणी असतं आत, घडाच्या वजनाने मधूनच मोडतं आणि मोडलं की संपलं. डोक्यावर पीककर्ज, ठिबकचं कर्ज, कृषी केंद्राची खताची उधारी.

त्याच रात्री शेजारच्या गावात सप्ताहात माझं कीर्तन होतं. गेलो. आणि विषय काय घेतला तर भगवंत भक्ताचा भार वाहतो! दोन तास बोललो, बाया रडल्या, मृदंगवाला म्हणाला महाराज आज रंगलं. घरी आलो आणि पहाटेपर्यंत आढ्याकडे बघत पडलो.

पुढचे अकरा दिवस मी कोणाला काही बोललो नाही. बाग पडली हे गावाला दिसत होतंच, पण देणं किती आहे हे कोणाला माहीत नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. विचारलं की म्हणायचो, विमा आहे, देव बघेल. आणि खरी गंमत ऐक, त्या विम्याला वाऱ्या-गारपिटीने नुकसान झालं की ७२ तासांच्या आत कळवावं लागतं, आणि मी तीन दिवस 'देव बघेल' म्हणत ओट्यावर बसलो आणि चौथ्या दिवशी फोन केला. देवाने बघितलं असेलही, विमा कंपनीने नाही बघितलं. पडलेल्या घडांचंही तेच. जे भरलेले होते ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वेफर्सवाल्याला मातीमोल भावाने का होईना गेले असते, पण त्यासाठी चार लोकांना फोन करून 'माझी बाग गेली, घेता का' असं म्हणावं लागलं असतं आणि ते मला जमेना. अकरा दिवसांत ते जागेवर सडले, वास गावापर्यंत यायचा.

बाराव्या दिवशी बायको देव्हारा आवरत होती, तिला पोथीच्या बासनात घडी घालून ठेवलेली बँकेची नोटीस सापडली. मीच ठेवली होती. ती चिडली नाही, तेवढंच विचारलं, 'हे देवाजवळ ठेवलं का देवापासून लपवलं?' मला उत्तर आलं नाही. आजही देताना जीभ अडखळते.

मग तिने मला न विचारता तिच्या भावाला फोन लावला. दुसऱ्या दिवशी तो ट्रॅक्टर आणि चार गडी घेऊन हजर, बाग साफ करून दिली. कृषी केंद्रवाला म्हणाला, महाराज दिवाळीपर्यंत थांबतो, आधी सांगितलं असतं तर मी दोन वेळा माणूस नसता पाठवला ना तुमच्याकडे. दिंडीतला एक म्हातारा टाळकरी, ज्याच्या स्वतःच्या घराला धड दार नाही, तो दोन पोती ज्वारी घेऊन आला. बँकेत जाऊन बसलो, सगळं सांगितलं, कर्जाचे हप्ते पाडून मिळाले. हे सगळे लोक त्या अकरा दिवसांतही गावातच होते बरं का, रोज रामराम करत होते. मला काही पाहिजे आहे हेच त्यांना माहीत नव्हतं.

तर हे आहे माझं उत्तर, पुढचं सगळं याच्याच आजूबाजूला आहे. इतक्या वर्षांत मी अडचणीत बुडालेली माणसं खूप बघितली आणि त्यातली निम्मी तरी देवाने दिलं नाही म्हणून बुडाली असं मला वाटत नाही, ती तोंड न उघडल्यामुळे बुडाली. आपण ज्याला विश्वास म्हणतो त्यात कितीतरी वेळा अभिमान लपलेला असतो, चारचौघांत हात पसरायला नको म्हणून आपण म्हणतो की मी फक्त देवाकडे मागतो.

मुक्ताईची मांड्यांची गोष्ट तुला माहीत असेल. ही चारही भावंडं आईबापाविना, गावाने वाळीत टाकलेली, मधुकरी मागून राहिलेली. एकदा मांडे करायचं ठरलं. आता मांडे म्हणजे काय ते आपल्या खान्देशात सांगायला नको, पालथ्या खापरावर हातभर पसरून भाजायचे, आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरच्या पुरणपोळ्या होतात तसंच. पीठ होतं, खापर नव्हतं. ती कुंभाराकडे मागायला गेली तर विसोबा चाटीने सगळ्या कुंभारांना दम दिलेला, कोणी खापर दिलं नाही. रडत घरी आली आणि मग ज्ञानोबांनी योगाग्नीने पाठ तापवली आणि तिने पाठीवर मांडे भाजले. सगळे कीर्तनकार पाठीवर जाऊन थांबतात, कारण चमत्कार तिथे आहे, तिथेच टाळ वाजतात. मला आता जास्त भावतं ते तिचं कुंभारवाड्यात जाणं. आदिशक्ती म्हणतो आपण तिला, आपल्याच तापीकाठी मेहूणला इ.स. १२९७ मध्ये वीज कडाडली आणि ती गुप्त झाली असं मानतो, ती आदिशक्ती दारोदार खापर मागत फिरली आणि नकार मिळाला तर भावाजवळ येऊन ढसाढसा रडली. काही लपवलं नाही. आणि तो विसोबा, तोच पुढे त्यांच्या पायाशी आला, विसोबा खेचर म्हणून नामदेवांचा गुरू झाला. म्हणजे आज जो खापर नाकारतो तो उद्या कोण होईल सांगता येत नाही, एका नकारावर मागणं बंद करू नको.

दुसरी गोष्ट गीतेतली, नवव्या अध्यायातला बाविसावा श्लोक, त्याचा शेवट 'योगक्षेमं वहाम्यहम्'. योग म्हणजे जे नाही ते मिळवून देणं आणि क्षेम म्हणजे जे आहे ते सांभाळणं, असा अर्थ जुन्या टीकाकारांनी केलाय. वहामि म्हणजे वाहतो. कीर्तनात एक गोष्ट सांगतात, एका गरीब पंडिताला हे पटेना, देव स्वतः डोक्यावर ओझं वाहील कसा, फार तर देतो म्हणा, म्हणून त्याने तो शब्द खोडला. तो बाहेर गेला तेव्हा दोन पोरं धान्याची पोती घेऊन दारात आली आणि त्यातल्या एकाच्या अंगावर ओरखडे होते. पंडिताची बायको विचारते कोणी मारलं रे बाळा, तर म्हणे तुमच्याच मालकांनी. आख्यायिका आहे, घे किंवा नको घेऊ. मला त्या पोत्यांवरून कायम जळगावचा दाणा बाजार आठवतो, पाठीवर भरलेलं पोतं घेऊन वाकून चाललेला हमाल. देव वाहतो तो असाच वाहतो, फक्त बहुतेक वेळा त्याचे हमाल म्हणजे आपला मेव्हणा, शेजारी, कृषी केंद्रवाला, कधी कधी ज्याच्याशी आपण बोलत नाही असा चुलतभाऊ. देवाला आपला पत्ता माहीत असतो रे, हमालांना नसतो.

वारीचं पण असंच. लोकांना वाटतं दिंडीत चाललेला माणूस म्हणजे निव्वळ देवाच्या भरवशावर. मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून निघते ती बुलडाणा, जालना, बीड करत महिनाभर चालून पंढरपूरला पोचते. खरंच आहे, उद्या कोणत्या गावात कोण वाढेल माहीत नसतं, कुठे पिठलं-भाकरी, कुठे पुरी-बुंदी, एकदा बीडकडे एका आजीने अख्ख्या दिंडीला ताक दिलं आणि तिच्या गोठ्यात एकच गाय. पण प्रत्येक दिंडीच्या मागे एक ट्रक पण असतो, त्यात किराणा, गॅस, ताडपत्री, आणि वारीच्या आधी प्रत्येकाने भिशीचे पैसे भरलेले असतात. विश्वासाची एवढी मोठी चाल, तिलाही मागून ट्रक आहे. पहिल्या वारीत मला तो ट्रक खटकला होता, वाटलं हा काय विश्वास. तिसऱ्या वारीत पावसात दोन दिवस कुठेच सोय झाली नाही, ट्रकमधल्या खिचडीने भागलं, तेव्हापासून मी ट्रकलाही हात जोडतो.

म्हणून साठवणं वाईट, असं मी म्हणणार नाही. मुंगी साठवते, तिच्यावर देव रागावल्याचं ऐकलं नाही. पण साठवण्यातही एक भीती शिरते. २०२१-२२ ला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला, आठवतं ना? पुढच्या वर्षी सगळ्या खान्देशाने कापूस घरात भरून ठेवला, दहा येणार, बारा येणार. मीही ठेवला. खोलीत कापूस, पडवीत कापूस, पोरं कापसावर झोपायची आणि सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली, डॉक्टरकडे रांगा. शेवटी सात-साडेसातला द्यावा लागला आणि वर डॉक्टरचं बिल. घरातल्या लग्नासाठी, पेरणीसाठी लागेल तेवढा विकून बाकी ठेवला असता तर गोष्ट वेगळी होती, पण मी गरज मोजून ठेवलाच नव्हता, घबराट आणि हाव यांच्या जोरावर ठेवला होता आणि वरून त्याला नियोजन म्हणत होतो. रात्री तीनचा हिशोब मला त्या कापसासारखा वाटतो, उपयोग शून्य आणि अंगाला खाज.

नवापूरकडे माझ्या ओळखीचे एक पास्टर आहेत, आदिवासी पट्ट्यात काम करतात, त्यांच्याशी एकदा एसटीत यावर बोलणं निघालं. ते म्हणाले आमच्या प्रार्थनेत भाकर मागतो ती आजची, वर्षाची नाही. मला आवडलं ते, आपल्या मधुकरीतही तेच आहे की, आजच्या झोळीत आजचं.

आता तुझं घर. तू खर्च लिहून पाठवलास म्हणून बरं झालं. भाडं ४,५००, बचत गट आणि फायनान्सचे दोन हप्ते मिळून ३,२००, गाडीचा हप्ता २,४००, आईच्या बीपी-शुगरच्या गोळ्या १,१००, किराणा-दूध ४,०००, पोरीच्या शाळेची व्हॅन ७००. बेरीज १५,९००. शंभर रुपये उरतात आणि त्यात गॅस, लाईट बिल, पेट्रोल कुठेच नाही. भाऊ, तुला जाग येते ती भक्ती कच्ची म्हणून नाही येत, बेरीज जुळत नाही म्हणून येते! हे हरिपाठाने सुटणारं नाही आणि हरिपाठ त्यासाठी नाहीही. हरिपाठ म्हण, रोज म्हण, पण झोपेची गोळी म्हणून नको.

पहिलं काम, हा कागद आज रात्री जेवण झाल्यावर बायकोसमोर ठेव. तू लिहिलंयस तिला फायनान्सचा दुसरा हप्ता माहीत नाही. तिला माहीत नाही म्हणजे तुझ्या घरातला अर्धा विश्वास तूच बंद करून ठेवलाय. ती ओरडेल, ओरडू दे, दोन दिवस. आमच्या हिने पुढे चार महिने सुनावलं, पण ओझं उचलायला दोघं झालो.

हप्ता फेडायला तिसरं कर्ज घेऊ नको, कोणी दारात येऊन दिलं तरी नको, यात मी बायाबापड्यांची घरं धुतलेली बघितलीत. बचत गटाच्या बैठकीत बायकोनेच सांगावं की या दोन महिन्यांत हप्ता अर्धा करा, गट कशाला असतो मग. गाडीचं तू बघ, कंपनीची बस असेल तर ती गाडी ठेवायची का हा प्रश्न स्वतःला खरा खरा विचार. आईच्या गोळ्या जनऔषधी केंद्रातून घे, किंवा सरकारी दवाखान्यातून, अकराशेचा आकडा बराच खाली येईल, फक्त डॉक्टरला विचारून बदल. सुपरवायझरला ओव्हरटाइमबद्दल तोंडाने विचारलंस का कधी, का नुसतं बोर्डवर नाव लागतं का बघतोस? आणि दीड एकरातला कापूस, तो भावाची वाट बघत घरात ठेवू नको, २०२५-२६ ला लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, द्यायचा तर आधी नोंदणी लागते, वेळेत करून ठेव. माझे ७२ तास आठव.

हे सगळं केल्यावर जे उरतं ना, ते सोडायचं. पाऊस, कापसाचा भाव, कारखान्याला ऑर्डर येईल का नाही, आईची शुगर, पोरीचं पुढे काय. ती यादी तुझ्या हातातली नाहीच, तू ती नुसती धरून बसलायस. मी काय करतो सांगतो, पद्धत साधी आहे. संध्याकाळी दिवा लावल्यावर एकेक गोष्ट नाव घेऊन देवासमोर बोलून दाखवतो, मनात नाही, आवाजात, बायको ऐकत असते तरी. 'पांडुरंगा, बँकेचे चाळीस द्यायचेत, वीस आहेत.' एवढंच. उपाय सुचवत नाही त्याला. आधी लाज वाटायची. आणि मग रात्री जाग आली की मनाला म्हणता येतं, हे संध्याकाळी सांगून झालंय. झोप लगेच लागते असं नाही, कधी लागते कधी नाही. जागा राहिलो तरी हिशोब परत उघडत नाही, तेवढं मात्र जमायला लागलंय. जमायला दोनेक वर्षं गेली.

अजून एक, हे तुला उलटं वाटेल, रोज कोणाला तरी थोडं दे. तुझ्या शंभर रुपयांतून पैसे नको देऊ, एक भाकर दे, गाय असो नाहीतर कारखान्यातला तो बिहारचा पोरगा जो डबा आणत नाही. देणाऱ्या हाताला हळूहळू कळतं की घेणारा हात लहान नसतो. मला मागायला जी लाज वाटत होती ती द्यायला लागल्यावर कमी झाली, का ते नीट सांगता येणार नाही.

आणि हे लपवणार नाही की सगळं मिळालं नाही आम्हाला. तीस गुंठे विकावे लागले, आजोबांच्या हातचे. लेकीचं नर्सिंगचं अ‍ॅडमिशन एक वर्ष लांबलं आणि त्या वर्षाबद्दल ती अजून कधीतरी बोलते. आमच्या तालुक्यात विश्वास ठेवणारी, एकादशी न चुकवणारी माणसं मी गळफासाला लटकलेली बघितलीत, त्यांच्या दारात बसून मी काय सांगू की देव देतो? तिथे मी बोलत नाही, भांडी घासायला बसतो, चहा ठेवतो. त्यांना का मिळालं नाही याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि ज्याच्याकडे असेल त्याच्यापासून दोन हात लांब राहा. पण तुला विचारून ठेवतो, सरळ विचारतो, रात्री तीनला नुसते हिशोब येतात का दुसरेही विचार येतात? दुसरे येत असतील तर देवाचं नाव घे आणि त्याच हाताने १४४१६ लाव, टेलिमानस म्हणून सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीही उचलतात. यात देवावरचा विश्वास कमी होत नाही, तेही त्याचेच हमाल.

आई 'पांडुरंगावर सोड' म्हणते तेव्हा तिच्याशी वाद घालू नको बरं का. त्या पिढीला दुसरं काही हातात नव्हतं, ना विमा ना नंबर, आणि तरी त्यांनी पोरं वाढवली, कळण्याची भाकर आणि ठेच्यावर. ती म्हणते त्यात तिचं सगळं आयुष्य आहे. फक्त तिला एकदा खरा आकडा सांग. म्हाताऱ्या माणसांच्या गाठोड्यात काय काय असतं आपल्याला माहीत नसतं, पैशाचंच म्हणतोय असं नाही.

बाकी परत कधी. या आठवड्यात आमच्याकडे शेतीची लाईट रात्री साडेबाराला येते ती सकाळपर्यंत, कांदेबागेला (नाव कांद्याचं, पण तीही केळीच) पाणी द्यायचंय, मी बांधावरच असतो बॅटरी घेऊन. तीनला जाग आली तर फोन कर.